सोपानरावांची यादी

संगणकाच्या पडद्यावर चुकीचा संदेश उमटला की सोपानराव प्रथम तो मोठ्याने वाचत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचत. एखादा इंग्रजी शब्द अडला तर थांबत, शेजारच्या वहीत त्याचा अर्थ पाहत आणि पुन्हा त्या ओळीच्या आरंभापासून सुरुवात करीत. वाचन पूर्ण होईपर्यंत त्यांचे दोन्ही हात मांडीवर असत. मी सारे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवले. श्लोकाचा पहिला चरण वाचून उरलेल्याचा अर्थ सांगू पाहणारे विद्यार्थी मी शेकड्यांनी पाहिले. पूर्ण वाचल्याविना हात न लावणारा माणूस मात्र मला निवृत्तीनंतर भेटला, तोही चिखलीतल्या आमच्या इमारतीत, समोरच्याच बिऱ्हाडात.

सोपानराव मूळचे चाकणच्या पलीकडच्या एका गावचे. घरची शेती होती, तिच्यातली निम्मी कारखान्यांच्या वसाहतीत गेली. आयटीआय करून ते वाहनांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि चाचणीच्या यंत्रावर अठरा वर्षे उभे राहिले. त्या यंत्राला जोडलेला संगणक वरचेवर अडून बसे. "इंजिनियर यायला चार तास लागायचे, गुरुजी," ते मला म्हणाले होते, "तंवर आमी आपलं हातावर हात ठिवून. म्हटलं, बघू तरी आत काय हाय." चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ मुलींच्या शाळेच्या वह्यांची कोरी पाने शिवून घेऊन पायथन नावाची संगणकाची भाषा शिकला. पुढे कंपनीने त्यांना सॉफ्टवेअरच्या विभागात घेतले, परंतु एका वर्षाच्या बोलीवर. वर्ष सरल्यावर साहेबमंडळी बसून ठरवणार होती, की यांना तेथेच ठेवायचे की पुन्हा यंत्रावर पाठवायचे. त्या विभागात पदवी नसलेले ते एकटेच होते.

आमची ओळख जिन्यात झाली. मी पहाटे वेदमंत्रांचा क्रमपाठ म्हणतो. त्यात पहिले पद दुसऱ्यासह, दुसरे तिसऱ्यासह, अशी प्रत्येक पदाची मागच्या-पुढच्याशी गाठ घालीत जावे लागते. एके सकाळी दार उघडतो तो हातात दुधाची पिशवी घेऊन हे उभे.

"रागावू नका, गुरुजी. रोज ऐकतो. एक शब्द तुमी दोनदा का म्हणता?"

मी म्हणालो, "मधला शब्द गळला किंवा जागचा हलला तर लगेच लक्षात यावे म्हणून. आमच्या पूर्वजांजवळ कागद नव्हता. जे होते ते मुखात होते, आणि ते पुढच्या मुखात जसेच्या तसे जायला हवे होते."

 पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आमचं बी कंपनीत हेच चाललंय."

हेच म्हणजे काय, ते मला कळायला पुढचा गुरुवार उजाडावा लागला. आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी सकाळी ते आपला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, त्या सरळ रेषेत लावल्या, आणि मग आमच्याही दोन जोड त्याच रेषेत आणून ठेवले. ही त्यांची खोड होती. वहीतले समास, दोरीवरचे कपडे, भिंतीवरची चित्रे, कोठेही रांग वाकडी दिसली की त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणत, "ह्यांना भाजीत मीठ न्हाई पडलं तर कळत न्हाई, पर ताटात कोशिंबीर सरकली की लगीच कळतंय."

त्यांनी मला पडद्यावर एक फाईल उघडून दाखवली. तीत नुसती चौकटींची, ठिपक्यांची आणि मोडक्या अक्षरांची गर्दी होती.

"ही कोणती लिपी?" मी विचारले.

"कुठलीच न्हाई. ही माणसासाठी न्हाईच, गुरुजी. मशीननं मशीनला द्यायचा डबा हाय हा."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. त्यांच्या कारखान्यात ब्रेकमधले तेलाचे सिलिंडर तयार होत. प्रत्येक नगात दाबाने हवा भरून ती किती गळते, दाब किती टिकतो, हे यंत्र मोजे, आणि ते आकडे दुसऱ्या शेडमधल्या शिक्का मारणाऱ्या यंत्राकडे जात. गळती चाळीसच्या आत असेल तर नगावर 'पास'चा शिक्का. पूर्वी हे सगळे साध्या अक्षरांत लिहून पाठवीत, 'गळती इतकी, दाब इतका'. प्रत्येक नगासोबत तीच नावे पुन्हा पुन्हा जात, आणि त्या भाराने संगणक थकून जाई.

"आता नावं पाठवतच न्हाई," ते म्हणाले. "पायथनमधी एक लायब्ररी हाय, म्हंजे दुसऱ्यानं लिहून ठिवलेलं आयतं काम. तिला एकदा यादी लिहून द्यायची, एक नंबर म्हंजे नगाचा क्रमांक, दोन म्हंजे दाब, सात म्हंजे गळती. मग ती नुस्ता नंबर आन आकडा घालून डबा घट्ट बांधून देती. पलीकडच्या मशीनकडं तीच यादी असती. त्यो डबा उघडतो, यादी बघतो. सात नंबरच्या खणात तीस हाय, म्हंजे गळती तीस."

"आणि यादी हरवली तर?"

"मग डबा असून नसल्यासारखा."

मला सूत्रग्रंथ आठवले. सूत्र जितके आखूड तितके ते जपणे सोपे, पण शेजारी वृत्ती, म्हणजे त्याचा उलगडा करणारी टीका, हवी. वृत्ती हरवली तर सूत्रातली अक्षरे शाबूत राहतात आणि अर्थ निघून जातो. मी तसे म्हणालो तेव्हा त्यांनी 'वृत्ती' हा शब्द वहीत लिहून घेतला. लगेच म्हणाले, "आन एक नियम हाय बरं का. समजा, उद्या आपण लोणच्याचा खण बंद केला. तर त्यो नंबर मोकळा झाला म्हणून त्यात शिरा भरायचा न्हाई. कुणीतरी जुनी यादी घेऊन बसलेला असतो. त्यो लोणचं समजून भाकरीला शिरा लावंल. एकदा दिलेला नंबर दिलेला. परत कुणाला न्हाई."

हे त्यांनी त्या लायब्ररीच्या इंग्रजी माहितीपत्रात वाचले होते. ते सर्व माहितीपत्र त्यांनी शब्दकोश घेऊन, आठ महिने लावून, मराठीत आपल्या वहीत उतरवले होते. एखाद्या ग्रंथाचा इतका निष्ठेने अभ्यास केलेला विद्यार्थी माझ्या वाट्याला क्वचितच आला.

त्याच गुरुवारी त्यांची नजर माझ्या कार्डांवर गेली. माझ्या गुरुजींच्या मुखातून पाठशाळेत ऐकलेले शब्दार्थ मी चाळीस वर्षे कार्डांवर टिपून ठेवले आहेत. प्रत्येक कार्डाला क्रमांक, त्यावर शब्द, अर्थ, आणि 'अमुक क्रमांकाचे कार्ड पाहा' असे निर्देश. तीन हजारांवर कार्डे साडीच्या खोक्यांत होती. सोपानरावांनी एक कार्ड दोन्ही हातांनी उचलले, वाचले आणि जागेवर ठेवले.

"ह्याला वाळवी लागली तर?"

 ती भीती मला रोज होती.

"दर गुरुवारी येतो," ते म्हणाले. "तुमी वाचा, मी भरतो."

आणि ते येत राहिले. मी कार्ड वाचायचे, त्यांनी टंकायचे. पन्नास कार्डे झाली की ती बांधायची आणि बांधलेली लगेच पुन्हा उघडून, मूळ कार्डाशी ताडून पाहायची. मी एकदा म्हणालो, "मघाशीच तर भरले, लगेच कशाला पाहता?" तर म्हणाले, "तुमी बी एक शब्द दोनदा म्हणता की." त्यानंतर मी विचारले नाही.

वर्ष संपत आले होते. साहेबमंडळींची बैठक एका शनिवारी ठरली. त्याच्या आदल्या गुरुवारची ही हकिकत आहे.

सकाळचे दहा वाजले असतील. मी चारशे बारावे कार्ड वाचून चारशे चौदावे उचलले.

"चारशे तेरा कुठाय?" त्यांनी विचारले.

"ते मी काढून टाकले. त्यावरचा अर्थ मी चुकीचा ऐकला होता, असे पुढे ध्यानात आले."

"मग पुढची सरकवून घेऊ की. रांग सलग दिसंल."

"नको, सोपानराव. 'चारशे तेरा पाहा' असे मी आणखी कोणकोणत्या कार्डांवर लिहून ठेवले आहे, ते मला आठवत नाही. त्या जागी दुसरा शब्द येऊन बसला, तर वाचणाऱ्याला भलताच अर्थ मिळेल, आणि तो भलता आहे हे त्याला कळणारही नाही. जागा रिकामी दिसली, तर निदान तो थांबेल."

त्यांची बोटे थांबली. मग दोन्ही हात सावकाश मांडीवर आले. मी त्यांच्याकडे पाहिले. चुकीचा संदेश वाचताना त्यांची जी मुद्रा होत असे, ती होती, परंतु पडद्यावर कोणताही संदेश नव्हता.

"गुरुजी," ते म्हणाले, "दोन नंबर शेडात आठ दिवस झालं एक बी नग रिजेक्ट न्हाई."

"हे चांगलेच झाले की."

"चांगलं कसलं. अठरा वर्षं मी त्या मशीनवर काढली. असं कधी होत नसतं."

मग त्यांनी अगदी संथ स्वरात सांगितले. आठ दिवसांपूर्वी गळती मोजण्याचे नवे उपकरण आले, तेव्हा गळतीला त्यांनी बारावा क्रमांक दिला होता. सातवा मोकळा झाला. त्याच वेळी खोलीच्या तापमानाची नोंद ठेवायची ठरली, आणि त्यांनी तिला सातवा दिला. सगळी यंत्रे नवी यादी वापरीत आहेत, असे ते धरून चालले होते. दुसऱ्या शेडमधले शिक्का मारणारे यंत्र तेवढे राहिले होते. ते अजून जुन्या यादीने सातव्या खणात गळती शोधत होते. तेथे खोलीचे तापमान होते, अठ्ठावीस, कधी तीस. चाळीसच्या आत. सगळ्या नगांवर 'पास'चा शिक्का.

त्यांनी तेथूनच फोन लावला. विभागातला नितीन नावाचा पदवीधर तरुण पलीकडे होता. सोपानरावांचा हात लॅपटॉपवर होता म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मला सर्व ऐकू आले.

"भाऊ, तुम्ही येऊच नका," नितीन म्हणाला. "मी घरूनच नंबर बदलतो. दोन मिनिटांचं काम आहे राव. परवा तुमची मीटिंग ना? उद्यापासून सगळं नीट चालेल, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"नंबर बदलशील रं बाबा. काल संध्याकाळी ट्रक गेला, त्यातला माल कोण बदलंल?"

"अहो, पण तुमचं..."

"नितीन, ब्रेक हाय त्यो."

त्यांनी फोन ठेवला, गेटवर दुसरा फोन करून दोन नंबर शेडचा माल अडवायला सांगितले, आणि उठले. सुनंदाबाई आवाज ऐकून दारात आल्याच होत्या. काय झाले ते त्यांनी नवऱ्याच्या तोंडून चार वाक्यांत ऐकले. परवाची बैठक त्यांनाही ठाऊक होती. त्या बैठकीवर मोठ्या मुलीच्या कॉलेजचे बेत बांधलेले होते. त्या आत गेल्या आणि हेल्मेट घेऊन आल्या.

"सगळं सांगायचं," त्या म्हणाल्या. "अर्धं सांगून आलात तर घरात घेणार न्हाई."

"आन सगळं सांगून आलो तर?"

"तर जेवायला वाढीन. मीठ घालून."

ते गेले. माझ्या टेबलावर त्यांचा चहा तसाच राहिला. तो मला टाकून द्यावासा वाटेना, म्हणून बराच वेळ तो तेथेच होता.

पुढचे मला त्यांच्याकडून आणि नंतर नितीनकडून कळले. ट्रक परत बोलावला गेला. आठ दिवसांचा सगळा माल पुन्हा तपासायचा ठरला. सोपानराव स्वतः यंत्रावर उभे राहिले, बैठक पुढे ढकलली गेली. तपासात अकरा नग गळके निघाले. अकरा म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु त्यातला प्रत्येक नग एका गाडीत बसणार होता, आणि ती गाडी कोणीतरी घाटात उतरवणार होते.

बैठक झाली तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना वाट काढून दिली होती, असे नितीन सांगतो. साहेब सज्जन असावेत. ते म्हणाले, "सोपान, तू डिग्रीवाला नाहीस. हा नियम तुला माहीत नसणार. तसं लिहून दे, म्हणजे प्रश्न मिटला."

सोपानराव म्हणाले, "ठाऊक होता साहेब. वहीत मराठीत उतरवून घेतलाय."

"मग?"

"तुमाला यादी दाखवायची होती. सहाच्या फुडं एकदम आठ, मधी भोक बरं दिसंना. रांग सलग दिसावी म्हणून भरला."

साहेबांनी म्हणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर त्यांच्याही हाती फारसे काही उरले नव्हते. माहीत नसल्याने झालेली चूक निराळी आणि माहीत असून झालेली निराळी, हे कंपनीच्या कागदांतही निराळेच लिहावे लागते. सोपानराव पुन्हा चाचणीच्या यंत्रावर गेले.

मला ते सोसले नाही. मी म्हणालो, "ज्याने सांगितले त्यालाच ही शिक्षा? सांगितले नसते तर तुम्ही आज तेथे असता."

ते कार्ड उचलत होते. "गुरुजी, सांगितलं म्हणून न्हाई पाठवलं. चुकलो म्हणून पाठवलं. दोनी एकात नका घालू." आणि मग थोडे हसून, "मशीनवर बी चाचणीच करतो की. नग त्योच हाय. वाचा, पाचशे नव्वद."

मी वाचू लागलो. अभ्यासाने वाणी शुद्ध होते, हे मी कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो. अभ्यासाने माणूस असा नितळ होतो, हे मी त्या दिवशी समोर बसून पाहिले.

यानंतर एक गोष्ट घडू लागली. गुरुवारी सकाळी आमच्या जिन्यात तरुण इंजिनियरांची पावले वाजत. पहिला नितीनच आला. सोपानरावांसमोर सतरंजीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "भाऊ, नवीन यादी केलीये. एकदा बघा ना. तुम्ही बघितल्याशिवाय पाठवायला भीती वाटते."

"मला काय इचारतो? मी ऑपरेटर हाय."

"बघा हो. भाव नका खाऊ."

सोपानराव हात मांडीवर ठेवून ती यादी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागत. सुनंदाबाई सर्वांना चहा देत आणि नितीनला हमखास विचारत, "आज काय घोळ घातलास रे?" त्या तरुणांच्या चपलाही बाहेर एका रांगेत लागलेल्या असत. त्या कोण लावी, हे मी कधी पाहिले नाही. परंतु सोपानरावांनी रांगा सरळ करणे सोडून दिले होते, हे मात्र पाहिले होते. आमच्या भिंतीवरचे माझ्या गुरुजींचे छायाचित्र एका बाजूला कललेले असे. पूर्वी सोपानराव आल्या आल्या ते सरळ करीत. आता ते त्याकडे एकदा पाहत आणि खाली बसत.

माझी कार्डे पूर्ण झाली त्या आठवड्यात त्यांच्या वडिलांचे दुखणे बळावले आणि त्यांनी गावी परतायचे ठरवले. तेथून कारखाना जवळच होता. एका सकाळी टेम्पो आला. सामान थोडेच होते. निघताना त्यांनी माझ्या हाती एक पेन ड्राईव्ह ठेवला, माझ्या चाळीस वर्षांचे सारे त्या बोटभर वस्तूत होते, आणि मला व आमच्या सौ. सुमतीबाईंना वाकून नमस्कार केला. 

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ जिन्यात धावती पावले. सोपानराव धापा टाकीत दारात उभे होते.

"यादी राहिली की, गुरुजी! डबा दिला आन यादी खिशातच." त्यांनी चौघडी घातलेला कागद पुढे केला. "ही देवघरात ठिवा. पुढं मागं कुणी उघडायला बसलं, तर हे आधी वाचू द्या. सगळं वाचू द्या."

ते उतरून गेले. मी सज्जात जाऊन चष्मा लावला आणि कागद उघडला. त्यांचे ते ठसठशीत, ओळीत बसवलेले अक्षर होते. एक, शब्द. दोन, लिंग. तीन, अर्थ. चार, कोणाकडून ऐकला. पाच, कोठे आला. सहा, संबंधित कार्डे. त्याखाली एक ओळ कोरी होती. आणि मग आठ, गुरुजींची शंका.

ही यादी नवी होती. ती माझ्या कार्डांसाठी त्यांनी मुळापासून रचली होती. तिच्यात सातवे असे कधी काही नव्हतेच.

खाली टेम्पो वळत होता. सोपानराव मागे, गाद्यांच्या वळकट्यांना पाठ टेकून बसले होते.

"सोपानराव!" मी हाक मारली. "सातवी जागा रिकामी राहिली!"

त्यांनी वर पाहिले. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ते म्हणाले,

"रिकामी न्हाई, गुरुजी. ती दिलेली हाय."